कानबाईला केस

मायचा फोन आला तेव्हा गजेंद्र साडीत होता. हसू नका. सुरतेच्या रिंग रोडच्या मार्केटात लग्नाची साडी विकायची तर सेल्समनला ती आपल्याच अंगावर घेऊन दाखवावी लागते. निऱ्या पँटच्या पट्ट्यात खोचायच्या, पदर खांद्यावरून काढून डोक्यावर घ्यायचा आणि गादीवर बसलेल्या बायकांसमोर सावकाश वळायचं. मग काठ उजळतो, नवरीची मावशी ‘हं’ म्हणते, आणि त्या ‘हं’वरून गजेंद्रला कळतं, साडी गेली की राहिली. अख्ख्या मार्केटात त्याच्यासारखा पदर कोणी काढत नाही, असं शेठ चारचौघांत म्हणतो. तर दोन्ही हातांत पदर, कानात ते फोनचं बोंडूक, आणि त्यातून मायचा आवाज, नेहमीसारखा, सगळ्या कोसाड वस्तीला ऐकू जाईल असा: “गजू, औंदाना रोटले दगा न्हाईले सांगी ठेयेल शे. सोमवारे सकायले. तुना केस कानबाईले देना शेतस.” म्हणजे यंदा कानबाईच्या रोटांना, श्रावणातल्या त्या खान्देशी देवीच्या सणाला, न्हावी ठरलाय आणि याचे केस देवीला जायचे आहेत. तो म्हणाला, “काय?” नवरीच्या मावशीला वाटलं, तिला विचारलं. ती म्हणाली, “पल्लू जरा सीधो करो ने, भाई.” माय तिकडून म्हणाली, “तुनी बहीनना नवस शे. फेडना पडी.” आणि फोन ठेवून दिला. माय फोन ठेवण्याआधी कधी विचारत नाही. त्याच क्षणाला डोक्यामागे, पदराच्या जरीखाली, उजव्या कानापासून डाव्या कानापर्यंत, ती सुरू झाली.

ती म्हणजे खाज. आठ वर्षांची सोबतीण. लग्नाच्या बायकोपेक्षा एका वर्षानं जुनी. ही साधी खाज असती तर सांगायचं काय होतं? घामोळ्याची खाज खाजवली की सुख देते, डासाची खाज शिव्या देऊन जाते. हिची तऱ्हाच न्यारी. उजवीकडे बोट न्यावं तर ती डावीकडे निघते, डावीकडे गेलं की मधोमध खोल जाऊन बसते, जिथे नखाला कातडी लागते पण कातडीला नख लागत नाही, मुकी जागा. मुकी, आणि तरी ठणाणा करणारी. सकाळी अकराला एसीची गार झुळूक मानेवर आली की जागी होते, दुपारी घाम आला की चिडते, श्रावणातल्या चिकट हवेत तर मुक्कामालाच असते. पेनाचं टोपण, मोटरसायकलची किल्ली, फणीची दांडी, कापड मोजायची लोखंडी पट्टी, सगळी हत्यारं वापरून झाली. हातात साडी असेल तेव्हा मात्र इलाज नाही. मग गजेंद्र मागच्या लाकडी रॅकच्या कडेला डोकं टेकतो, डोळे अर्धवट मिटतो आणि बोलता बोलता मान अगदी बारीक हलवतो. गिऱ्हाइकाला वाटतं, माणूस रंगाचा विचार करतोय. दुकानातल्या दोन नव्या पोरांनी ही ढब उचलली आहे. तेही रॅकला डोकं टेकून डोळे मिटतात. त्यांना कुठे माहीत, गुरुजींच्या डोक्यात काय चाललंय.

त्या दिवशी मावशीची साडी गेली. गजेंद्र तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात जाऊन उभा राहिला आणि त्यानं दोन्ही हातांनी मागचं डोकं धरलं. बोटांना ती रेघ लागली. केसांच्या खाली, गुळगुळीत, करंगळीच्या जाडीची. तिथली कातडी कापून काढली होती आणि दोन काठ ओढून शिवले होते. त्या कातडीतला एकेक केस वेगळा करून पुढच्या उजाड माळावर लावला होता. मागचं काढून पुढं लावणं, एवढंच. पुढं पीक आलं, मागं बांध राहिला.

तीस वर्षांचा असताना त्याच्या कपाळाला सीमा उरली नव्हती. वडील, सुकलालनाना, कापडाच्या लूमवर राबता राबता असेच चाळिशीला गुळगुळीत झाले होते, पण नानांना त्याचं काही नव्हतं, लूम डोकं बघत नाही. साडीची गादी बघते. शेठनं एक दिवस हसत हसत त्याला पुढच्या गादीवरून आत गोडाउनला बसवलं: “गजुभाई, पदर तुझ्या डोक्यावरून घसरतो रे.” सगळे हसले, तोही हसला. मग नंदुरबारकडे मुलगी बघायला गेले, आणि मुलीच्या आत्यानं चहा देताना नानांना विचारलं, “हे तुमचे धाकटे भाऊ का?” नानांनी कप खाली ठेवला. गजेंद्र तेव्हाही हसला. परतीच्या गाडीत खिडकीच्या काचेत स्वतःकडे बघताना त्याला जी लाज वाटली ती त्यानं आजवर कोणाला सांगितलेली नाही. अंगावर कपडे नसल्यासारखी लाज. आणि राग. कोणाचा, ते कळत नव्हतं, म्हणून आणखीच राग.

मग त्यानं घरी सांगितलं, दुकानाचं प्रदर्शन आहे, जयपूरला जातो, पंधरा दिवस लागतील. आणि गेला कुठे, तर सुरतेलगतच, इच्छापोरला. तिथे त्याचा दोस्त पांडुरंग राहायचा, मराठवाड्याचा, कारखान्यात ठेक्यावर कामाला, पत्र्याच्या खोलीत. क्लिनिकातून रिक्षानं आलेला गजेंद्र पट्ट्यांचं डोकं घेऊन दारात उभा राहिला तेव्हा पांडुरंग बघतच राहिला. “लेका, हे काय करून आलास? पोतं शिवल्यागत डोकं शिवलंय की तुझं!” पण मग त्याच पांडुरंगानं खिचडी शिजवली, पट्ट्या बदलल्या, उशी लावता येईना म्हणून भिंतीशी गोधडीची गुंडाळी करून त्याला बसता झोपवलं. टाके ओढायचे तेव्हा गजेंद्रच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि तोंडातून ‘माय’ निघायचं. पांडुरंग म्हणायचा, “बोलावू का तिला?” तो म्हणायचा, “नको. तिला तर अजिबात नको.” डॉक्टर म्हणाले होते, सहा महिने खाजेल, मग नसा शांत होतील. सहा महिन्यांनी विचारायला गेला तर क्लिनिकच्या जागी मोबाइलच्या कव्हरांचं दुकान लागलेलं.

आता इथून पुढची चूक त्याची. चूक म्हणजे काय, तो फक्त गप्प बसला. तो टोपी घालून ‘जयपूरहून’ परत आला आणि पाच महिन्यांत कपाळावर लव फुटली. त्याच वर्षी मायनं माक्याचा पाला, कडुनिंब आणि आणखी काय काय उकळून तेल काढलं होतं आणि कानबाईच्या पुढे ठेवून त्याच्या पुढच्या टकलाला चोळायला सुरुवात केली होती; मागं तो हात लावू देत नसे. केस आले. मायनं ते पाहिले, दोन्ही हात त्याच्या डोक्यावर ठेवले आणि ती रडली. “मनी कानबाईनी दिन्हात!” माझ्या कानबाईनं दिले. त्या चेहऱ्याकडे बघून कोणत्या शहाण्यानं सांगितलं असतं की नाही गं माय, भूल देऊन, चाकूनं? गजेंद्रनं नाही सांगितलं. पंधरा दिवसांत ही कथा कोसाडच्या साऱ्या बिल्डिंगांत गेली. टकलांची रांग लागली. माय बाटल्या भरभरून फुकट द्यायची. शेजारचे उखाआप्पा तर आठ वर्षं नेमानं तेल लावताहेत. त्यांचं डोकं आरशासारखं आहे, फक्त आता वास येतो. त्यांनी तक्रार केली की माय म्हणते, “आप्पा, तुमनी भक्ती कमी पडस.” आणि चंचलशी लग्न झालं तेव्हा तिच्या बोटांना ती रेघ लागलीच. बायकोपासून डोकं लपवता येत नाही. तिला त्यानं सांगितलं, लहानपणी लूमचा बीम, तो सुताचा जड रूळ, डोक्यात पडला होता. मायसमोर कधी विषय काढू नकोस, तिला फार लागतं. चंचल गुणाची बाई. तिनं सात वर्षांत बीम हा शब्द उच्चारला नाही, उलट त्या बिचाऱ्या सासूला कधी उलटून बोलली नाही. एका घरात दोन बायका, दोन थापा, आणि मध्ये हा माणूस, डोकं खाजवत. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, याच्या मनात नाही, डोक्यामागे होतं.

घरी पोचल्यावर त्यानं मायला समजावून पाहिलं. “माय, कानबाईले रोट ऱ्हास. केस कोन देस?” माय गहू पाखडत होती. योगिताला, त्याच्या धाकट्या बहिणीला, लग्नानंतर अकरा वर्षं मूल नव्हतं. चलथाणला तिचं सासर, नवरा साखर कारखान्यात, चांगला माणूस, पण अकरा वर्षं म्हणजे अकरा वर्षं. मायनं गेल्याच्या आधीच्या रोटाला कानबाईपुढे पदर पसरून सांगितलं होतं, माझ्याकडे दुसरं काय आहे, तू माझ्या लेकाला दिलेले केस आहेत, तेच तुला परत देईन. आणि योगिताला मुलगी झाली. आता पाच महिन्यांची आहे. “तिनीच दिन्हात, तिलेच देवाना. अन ती का ठेई लेवाव शे? फिरीसन दी ती,” माय म्हणाली. म्हणजे तिला पुन्हा उगवायचीही खात्री होती. आणि गंमत बघा, ती खात्री खरीच होती. वस्तरा फिरवला तरी मुळं जागेवरच राहतात, महिन्याभरात डोकं पुन्हा भरेल. गजेंद्रला केसांची भीती नव्हतीच. त्यानं विचारलं, “एक बट दिन्ही तं?” माय सूप खाली ठेवून म्हणाली, “देवीले एक घास काढीसन देतस का? भरेल ताट देतस.” आणि पुन्हा पाखडायला लागली. तिच्या हातातल्या सुपाचा तो आवाज त्याच्या डोक्यामागे चालू राहिला.

आठ दिवस तो दुकानात उभा राहिला आणि तिथे नव्हता. पदर काढायचा, वळायचा, आणि मनात कोसाडची गल्ली उभी राहायची. वस्तरा मागे पोचलाय. रेघ उघडी पडलीय. उखाआप्पा वाकून बघताहेत. मग सगळ्या माना सावकाश मायकडे वळताहेत, आणि माय, जिनं आठ वर्षं मान ताठ ठेवून बाटल्या वाटल्या, ती कुठे बघावं ते न कळून आपल्या हातांकडे बघतेय.  स्वतःच्या फजितीचं त्याला तितकंसं वाटत नव्हतं. माणूस स्वतःची फजिती पचवतो, भूक लागते, झोप येते. पण मायला चारचौघांत खोटं पाडायचं? तेही तिनंच देवीला दिलेल्या शब्दापायी? मग वाटायचं, पळून जावं, खरंच जयपूरला जावं या खेपेला. त्यानं पांडुरंगाला फोन लावला. तो आता शिफ्टचा सुपरवायझर झालाय, पण बोलणं तेच. “आठ वरसं त्या एका रेघेला मुठीत धरून बसलास, गड्या. हात दुखत न्हाई व्हय?” गजेंद्र म्हणाला, “हात नाही दुखत, डोकं खाजतं.” पांडुरंग हसला, पण त्यानं इलाज काही सांगितला नाही.

शनिवारी दुपारी योगिताचा फोन आला. “भाऊ, तुला नको असेल तर राहू दे. माय ऐकत नाही, मी समजावते तिला. मला काही वाटणार नाही.” ती असं म्हणाली, आणि मागे पोर खोकलं. लहानसं, कोरडं, दोनदा. योगिता बोलता बोलता थांबली. किती वेळ? एक श्वास असेल. पण त्या श्वासात ती काय मोजत होती ते गजेंद्रला कळलं. लहानपणी आईबाप दोघं लूमवर जायचे तेव्हा हिला त्यानंच कडेवर घेऊन वाढवलं होतं, तिचा प्रत्येक थांबा त्याच्या ओळखीचा होता. पोराला शिंक आली, ताप आला, खोकला आला की ती हेच मोजत बसणार: नवस फिटला नाही. “गप गं,” तो म्हणाला. “सोमवारी सकाळी तापीवर ये. पोरीला टोपडं घालून आण, वारा असतो.” फोन ठेवला आणि त्याच्या लक्षात आलं, आपण हो म्हणून बसलो. रॅकच्या कडेला डोकं न टेकताच तो बराच वेळ उभा होता.

रविवारी कानबाई बसली. नथ घातलेला नारळ, हिरवं पातळ, पुढे पुरणाचे रोट, भाऊबंद जेवायला, बायकांची गाणी. सोमवारी सकाळी चौरंग मायच्या डोक्यावर, पुढे बँड, मागे फुगड्या, अशी सगळी कोसाडची खान्देशी मंडळी अमरोलीच्या बाजूनं तापीवर उतरली. तापीचं पाणी गढूळ, भरलेलं. आपल्याच गावाखालून वाहत आलंय म्हणून बायका त्याला हात जोडतात. घाटाच्या पायरीवर पाट मांडला. दगा न्हाव्यानं वस्तरा काढला. त्याचं अमरोलीत सलून आहे, एसीचं, पण नवसाला तो जुनी पेटी आणतो. गजेंद्र पाटावर बसला. मायनं चौरंग शेजारी टेकवला, देवीला दिसेल असा. ऊन चांगलंच चढलं होतं. पाणी लावलं, आणि पहिला केसांचा झुपका मांडीवर पडला तेव्हा त्याला काहीच वाटलं नाही. दुसरा पडला. पुढचं डोकं उघडं झालं. वारा लागला. किती वर्षांनी लागला तो वारा! थोरले-धाकटे सगळे बघत होते, योगिता पोरीला घेऊन अगदी पुढे उभी होती, बँडवाला हळूहळू वाजवत होता. दगाचा हात मागे गेला आणि थांबला.

दगानं आयुष्यात हजारो डोकी पाहिली होती. त्याला कोणी काही सांगायची गरज नव्हती. तो पुसायचं निमित्त करून खाली वाकला आणि कानात म्हणाला, “भाऊ, मागे चार बोटांचा पट्टा ठेवतो. शेंडी आहे म्हणतो. कोणाच्या बापाला कळणार नाही.” केवढा देवमाणूस! गजेंद्रच्या घशाशी ‘ठेव’ आलंच होतं. आठ वर्षं असाच तर जगला तो, कोणीतरी ठेवलेल्या चार बोटांच्या आडोशानं. त्यानं समोर पाहिलं. योगिता ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होती, पोरीच्या टोपड्याची गाठ पुन्हा पुन्हा घट्ट करत होती. माय देवीकडे बघत होती, हात जोडून, भरलं ताट द्यायला आलेल्या बाईसारखी. आणि डोक्यामागे ती सुरू झाली, पाण्यानं भिजलेली, कानापासून कानापर्यंत. गजेंद्र मोठ्यानं म्हणाला, “काढ. सगळे काढ.”

वस्तरा फिरला. चर्रर्र आवाज झाला. बँड थांबला. ऊन थेट त्या रेघेवर पडलं, आठ वर्षांत पहिल्यांदा. “हे काय ओ?” उखाआप्पांनी विचारलंच. कोणीतरी म्हणालं, “टाकेच शेतस हाई.” गजेंद्र उठला. आवाज त्यानं चोरला नाही. गादीवरून शंभर बायकांना ऐकू जाणारा आवाज आहे तो. “माय, केस कानबाईनी दिन्हात नई. मी डॉक्टरकडथून कापी लिन्हात. मांगली कातडी काढी, पुढे लाई. जयपूरले गयथू नई मी. तुले खोटं सांगं.” एवढंच. आठ वर्षांचं ओझं पाच वाक्यांत संपलं, त्याचं त्यालाच नवल वाटलं. आणि मग त्यानं मायकडे पाहायचं धाडस केलं.

माय कोणाकडेच बघत नव्हती. ती त्याच्या मागे गेली होती. तिची बोटं, गहू निवडून निवडून खरखरीत झालेली, त्या रेघेवर टेकली आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत गेली, सावकाश, जागच्या जागी थांबत. “इतलं कापं?” ती म्हणाली. “इतलं? तुनाजोडे कोन व्हतं तवय?” जवळ कोण होतं, एवढंच तिला हवं होतं. “पांडुरंग व्हता,” तो म्हणाला. “अन मी?” माय म्हणाली. “मी भाकरी थापी रायंथू घर. मना पोऱ्याले टाके पडी रायंथात अन मी भाकरी थापी रायंथू.” तिचा आवाज फुटला. तोही रडला, घाटावर, सगळ्यांसमोर, चाळिशीला आलेला माणूस, लाज न वाटता. तेवढ्यात चंचलला कंठ फुटला. “अहो, मग तो बीम?” “पडलाच नव्हता.” “सात वर्षं मी मायसमोर त्या बीमचं नाव काढलं नाही!” माय डोळे पुसत म्हणाली, “कोनता बीम?” आणि योगिता फसकन हसली, मग सगळा घाट हसला. उखाआप्पा मात्र हसले नाहीत. ते मायसमोर येऊन उभे राहिले. “सरलाबाई, मंग मनं आठ वरीसनं तेल?”

  हाच तो क्षण, गजेंद्रनं आठ दिवस मनात पाहिलेला. माना मायकडे वळल्या. मायनं पदर खोचला. “आप्पा, तेल लावापह्यले तुमनं डोकं दुखे ना?” “दुखे.” “आते दुखस का?” आप्पांनी विचार केला. “नई.” “मंग!” माय म्हणाली. “अन डॉक्टरले अक्कल कोनी दिन्ही? त्याना हात कोनी चालाडा? मनी कानबाईनी. केस तिनाच शेतस, तिलेच दिन्हात. नवस फिटना!” आप्पा आपल्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवायला लागले. उत्तर बँडवाल्याला सुचलं. त्यानं काठी अशी हाणली की पाण्यावरची पाखरं उडाली. योगितानं पोरीला पुढे करून देवीच्या पायाशी टेकवलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्यासाठी गजेंद्रनं दहा वेळा डोकं भादरून घेतलं असतं.

पण माय अजून त्याच्या मागेच होती. “दुखस का अजून?” तिनं विचारलं. “दुखस नई,” तो म्हणाला. “खाजस.” “कोठे?” तो सांगणार तरी काय, ती एका जागी थांबते का कधी! “आठे?” मायनं नख लावलं. “वर जराशी.” “आठे?” “डाव्याकडे.” “आठे का?” “हां... हां माय, तठेच.” आणि मायची नखं बरोबर त्या मुक्या जागेवर बसली, जिथे आठ वर्षांत टोपण पोचलं नाही, किल्ली पोचली नाही, त्याचं स्वतःचं बोट पोचलं नाही. त्याचे डोळे आपोआप मिटले. बँड वाजत होता, बायका कानबाईचं गाणं उचलत होत्या, आणि माय भर घाटावर लेकाचं टक्कल खाजवत होती. मग तिनं चौरंग डोक्यावर घेतला आणि गजेंद्र पुढे नाचत पाण्यात उतरला, बहिणीच्या पोरीला खांद्यावर घेऊन, मागचं डोकं सगळ्या सुरतेला दाखवत. पोरीनं धरायला केस शोधले, सापडले नाहीत, म्हणून तिनं तळहातानं त्या रेघेवर थापट्या मारायला सुरुवात केली. जुन्या मंडळींच्या म्हणण्याप्रमाणे असा कोणी कानबाईपुढे नाचलेला नाही. जुनी मंडळी दरवर्षी असं म्हणतात, पण या वर्षी ते खरं होतं.

बुधवारी गजेंद्र गादीवर गेला. शेठनं डोकं पाहिलं आणि साड्यांची चळत त्याच्याकडे सरकवली. एक नवरी आली होती, तिची आई, तिच्या दोन काक्या. गजेंद्रनं लाल साडी काढली, निऱ्या खोचल्या, पदर उघड्या डोक्यावर घेतला. घसरला नाही. वळला. काठ उजळला. आणि तेवढ्यात ती आली, जुनी सोबतीण, कानापासून कानापर्यंत. जाते कुठे! त्यानं रॅककडे पाहिलंसुद्धा नाही. “एक मिनिट हं, बेन,” तो म्हणाला, पदर काढून नवरीच्या आईच्या हातात दिला, आणि दोन्ही हातांनी, दहा बोटांनी, डोकं मागे टाकून खाजवलं, चांगलं पोटभर.  “शुं थयुं, भाई?” नवरीच्या आईनं विचारलं. “ऑपरेशननो दाग छे, बेन,” गजेंद्र म्हणाला. “खजवाळ आवे छे.” आणि हात पुढे करून त्यानं आपला पदर परत मागितला.